४२० किलोमीटर, ५३ मिनिटे आणि उरलेले पावणेचार तास

एका लहान मार्गावरच्या विमानप्रवासाला निघण्यापूर्वी मी दोन्ही टोकांच्या विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढले, तेव्हा ते ४२० किलोमीटर, म्हणजे सुमारे २२७ नॉटिकल मैल भरले. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचे असते. शिवाय ते विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजलेले असते, घरापासून मुक्कामापर्यंत नव्हे. तोच प्रवास रस्त्याने ५६० किलोमीटरचा होता.

या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान जाते. ते ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने उडत असल्यामुळे ५० मिनिटांत पोहोचू, असे माझे गणित होते. तिकिटावर मात्र १ तास १० मिनिटे लिहिलेली होती. तिकिटावरचा काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा धरतात. त्यातला बराचसा कुठे जातो, ते खिडकीतून दिसले. धावपट्टीला समांतर टॅक्सी वे, म्हणजे विमानांना ये-जा करण्याचा वेगळा रस्ता, नसल्याने विमान धावपट्टीवरूनच सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत गेले, तेथे वळले आणि मगच उडाले. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडवतात आणि त्या दिवशी वारा आमच्या पाठीशी होता, म्हणून आधी उलट दिशेला झेप घेऊन मग भला मोठा वळसा घालावा लागला. प्रत्यक्ष हवेत आम्ही ५३ मिनिटे होतो. परतीच्या वेळी तोच वारा समोरून आला आणि तेवढ्याच अंतराला १० मिनिटे अधिक लागली.

घरापासून विमानतळापर्यंत ५० मिनिटे, सुटण्याच्या वेळेआधीचा दीड तास, सामान मिळेपर्यंत १५ मिनिटे आणि पुढे शहरात पोहोचायला आणखी ५० मिनिटे, असे सारे धरून जाताना ४ तास ३५ मिनिटे लागली. रस्त्याने दहा तास गेले असते, त्यामुळे तक्रार नाही. परंतु ज्यांचे रस्त्याचे अंतर दोन-अडीचशे किलोमीटरच आहे, त्यांनी हा हिशेब मांडल्याशिवाय तिकीट काढू नये.

सामानाच्या बाबतीत माझी थोडी फजिती झाली. मोठ्या जेट विमानात सहज मावणारी माझी चाकांची बॅग येथील डोक्यावरच्या कप्प्यात शिरेना, आणि ती शिडीपाशीच काढून घेऊन सामानकक्षात टाकण्यात आली. औषधे, चार्जर आणि कागदपत्रे हाताशी राहतील अशा लहान पिशवीत ठेवावीत. या विमानात प्रवासी बहुधा मागच्या दाराने चढतात, तेव्हा लवकर उतरायचे असल्यास मागची जागा मागावी. ढग नसतील तर जमीन पाहण्यासाठीही तीच बरी, कारण पंख खिडकीच्या वर असला तरी मधल्या रांगांत इंजिन नजरेच्या आड येते.

पुढचे विमान गाठायचे असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत. लहान मार्गांवर एकच विमान दिवसभर फेऱ्या मारत असते, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. शिवाय धुक्यात उतरण्यासाठी लागणारी यंत्रणा प्रत्येक लहान विमानतळावर नसते. घरातून निघण्याआधी आपले विमान सुटण्याची वेळ पाहण्याऐवजी तेच विमान आधीच्या गावाहून निघाले की नाही, ते पाहावे. परतीच्या दिवशी मी ते पाहिले नाही आणि चाळीस मिनिटे त्या एवढ्याशा प्रतीक्षालयात बसून राहिलो.