८१९२ झाले, आता १६३८४: मधल्या सुट्टीतल्या २०४८ची नोंद

या सत्राची मोठी बातमी आधी सांगते: ८१९२ची टाइल झाली. (२०४८ हा ब्राउझरमधला खेळ: चार बाय चारच्या बोर्डावर आकड्यांच्या टाइल एका दिशेला सरकवायच्या, सारख्या दोन भिडल्या की दुप्पट आकड्याची एक होते.) अभ्यासाच्या मधल्या छोट्या सुट्ट्यांमध्ये, एकच बोर्ड थोडा थोडा पुढे नेत. मागच्या नोंदीच्या वेळी ४०९६ बऱ्यापैकी नियमित होत होते, पण दुसरे ४०९६ उभे राहायच्या आत बोर्ड भरून जायचा. ती गाठ कशी सुटली ते इथे सविस्तर लिहिते. सोबत गुणांचे गणित आणि माझ्या मराठी आकड्यांच्या आवृत्तीची खबरबातही आहे.

हाच खेळ का

ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणारे खेळ ढिगाने आहेत. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीसाठी मात्र माझी कसोटी एकच. खेळ हवा तेव्हा सोडता यावा आणि परत आल्यावर तो तिथेच थांबलेला सापडावा. क्रोममधला नेट गेल्यावर दिसणारा डायनासोर मला खूप आवडतो, पण त्याचा वेग वाढतच जातो आणि पुस्तकाकडे परत वळताना जीव अजून धावतच असतो. स्लिदर.आयओमध्ये समोर खरी माणसे खेळत असतात, ती तुमच्यासाठी थांबत नाहीत. वर्डलचे कोडे दिवसाला एक, पहिल्याच सुट्टीत संपते. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरची पझल स्ट्रीक, म्हणजे सलग कोड्यांची मालिका, या कसोटीच्या सर्वात जवळ येते. तिथे घड्याळ नाही, जाहिरात नाही, कोडी हळूहळू अवघड होत जातात आणि सबंध मालिकेत एक चाल सोडून द्यायची मुभा मिळते. बुद्धिबळाची आवड असेल तर जरूर खेळा. मला मात्र घोड्याचे एखादे अवघड कोडे समोर असले की उठवत नाही.

२०४८ला घड्याळ नाही, प्रतिस्पर्धी नाही. प्रत्येक चालीनंतर बोर्ड ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात जतन होतो. टॅब बंद करा, लॅपटॉप मिटवा, दुसऱ्या दिवशी उघडा, बोर्ड जसाच्या तसा. दोन गोष्टी सांभाळा: इन्कॉग्निटो खिडकीत खेळलात तर ती बंद होताच सगळे जाते, आणि ब्राउझरचा डेटा साफ केला तरीही. बोर्ड त्या ब्राउझरपुरता आणि त्या पत्त्यापुरताच असतो. अभ्यासिकेतल्या संगणकावरचा डाव घरी मिळणार नाही.

हा खेळ इटलीच्या गाब्रिएले चिरुल्लीने मार्च २०१४ मध्ये केला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्याने तो लिहून काढला. आठवडाभराच्या आत चाळीस लाखांहून जास्त लोक खेळून गेले. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती, आणि त्याने तसे कधी भासवलेही नाही. त्याच्या आधी १०२४ नावाचा खेळ होता आणि त्याही आधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ॲशर वॉल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा थ्रीज आला होता, ज्यावर त्यांनी वर्षभराहून जास्त काळ मेहनत घेतली होती. थ्रीज जास्त कसलेला खेळ आहे हे मान्य. पण चिरुल्लीने आपला सगळा कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला, म्हणून आज तो कुणालाही उतरवून घेता येतो, उघडून बघता येतो, बदलता येतो. त्या मोकळेपणाबद्दल मला त्याचे फार कौतुक वाटते.

सुट्टीत किती चाली बसतात

पोमोडोरो पद्धत बहुतेकांना माहीत आहेच: २५ मिनिटे अभ्यास, ५ मिनिटे विश्रांती. ही पद्धत काढणारा फ्रान्चेस्को चिरिल्लोही इटलीचाच, आणि तोही तेव्हा विद्यार्थीच होता. दोन जवळजवळ सारख्या आडनावांचे इटालियन माझ्या वेळापत्रकात असे एकत्र आले आहेत.

प्रत्येक चालीनंतर एक नवी टाइल येते. ९० टक्के वेळा २, १० टक्के वेळा ४. म्हणजे सरासरी २.२. बोर्डावरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज दर चालीला साधारण तेवढीच वाढते, जुळण्यांनी ती बदलत नाही. त्यामुळे २०४८साठी सुमारे ९३० चाली लागतात, ४०९६साठी १८६०, ८१९२साठी ३७२०. सेकंदाला एक चाल धरली तर ५ मिनिटांत ३०० चाली होतात. याचा अर्थ २०४८ तीन सुट्ट्यांचे काम, आणि ८१९२ बारा-तेरा सुट्ट्यांचे. हा हिशेब डोक्यात बसल्यावर माझी घाई संपली, कारण एका सुट्टीत काही पूर्ण करायचेच नसते. बोर्डाची बेरीज साडेसहाशेने वाढली की त्या सुट्टीचे काम झाले.

थांबायचे कुठे, याबद्दल माझे मत पक्के आहे. वेळ संपत आली की पुढची मोठी जुळणी उरकण्याच्या मागे लागू नका, बोर्ड मोकळा आणि क्रमात असेल तिथे थांबा. गुंता झालेला बोर्ड सोडून उठलात तर पुढची २५ मिनिटे पुस्तकाच्या पानावर तोच दिसत राहतो.

दुसरे ४०९६ उभे करताना

आता मुख्य भाग. कोपरा धरून खेळणे, म्हणजे सर्वात मोठी टाइल एका कोपऱ्यातून हलू न देणे, खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझा कोपरा खालचा डावा. खालची रांग डावीकडून उजवीकडे उतरती, दुसरी रांग उजवीकडून डावीकडे उतरती, म्हणजे नागमोडी क्रम.

८१९२च्या तोंडावर बोर्ड असा हवा: खालच्या रांगेत डावीकडून ४०९६, २०४८, १०२४, ५१२. त्याच्या वरच्या रांगेत उजव्या टोकाला २५६, मग डावीकडे जाताना १२८, ६४, ३२. आठ घरे अडकली, आठ मोकळी. या मोकळ्या आठ घरांत, म्हणजे वरच्या दोन रांगांत, फक्त एक ३२ तयार करायचा आणि तो दुसऱ्या रांगेच्या डाव्या टोकावर उतरवायचा. बस.

तो उतरला की दुसऱ्या रांगेत डावीकडून ६४, ६४, १२८, २५६ होते. उजवीकडे तीनदा सरकवा: आधी दोन १२८, मग दोन २५६, शेवटी उजव्या टोकाला ५१२. खाली दाबा, तो खालच्या ५१२शी जुळून १०२४. मग डावीकडे, डावीकडे, डावीकडे: १०२४ आणि १०२४, २०४८ आणि २०४८, ४०९६ आणि ४०९६. सात चालींत सगळी साखळी मिटते आणि जवळजवळ रिकाम्या बोर्डावर ८१९२ उभे राहते. ते पहिल्यांदा बघताना मी अभ्यासिकेत आहे हे विसरून मोठ्याने “झालं!” म्हणाले, आणि शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या.

या मांडणीत मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे: २०४८ करताना वरच्या आठ घरांत ८ लागतो, ४०९६ करताना १६, ८१९२ला ३२, १६३८४ला ६४. लक्ष्य दुप्पट झाले तरी शेवटच्या क्षणाची अडचण एकेका पायरीनेच वाढते.

क्रम टिकवायला तीन नियम कामी आले.

एक, उजवीकडे दाबण्याआधी खालच्या रांगेकडे बघा. तिथे शेजारी-शेजारी सारख्या टाइल असतील तर उजवीकडे अजिबात दाबू नका. समजा खाली ४०९६, १०२४, २५६, २५६ आहे. उजवीकडे गेलात तर ४०९६ कोपरा सोडते आणि त्या जागी २ येऊन बसू शकतो. आधी डावीकडे जुळवून घ्या. खालची रांग चारही वेगळ्या आकड्यांनी भरली की ती कुलूपबंद होते, मग डावे, उजवे, खाली तिन्ही दिशा मोकळ्या.

दोन, वर जायची वेळ आलीच तर कोपऱ्याचा स्तंभ आधी भरून घ्या. चार वेगळ्या टाइल उभ्या असतील तर वर दाबूनही मोठी टाइल हलत नाही. खालचा कोपरा धरणारे आम्ही सगळे ‘वर जाऊ नका’ एवढेच सांगत आलो. पण भरलेल्या स्तंभाने वर जाणे निर्धोक असते, आणि अडलेल्या बोर्डात कधी कधी तोच एक रस्ता उरतो.

तीन, तिघांची जुळणी. एका चालीत एक टाइल एकदाच जुळते आणि ज्या दिशेला सरकवता त्या टोकाकडची जोडी आधी जुळते. २, २, २ डावीकडे नेले तर ४, २ मिळते, उजवीकडे नेले तर २, ४. दुसऱ्या रांगेत मोठा आकडा उजवीकडे हवा असल्याने तिथे उजवीकडूनच जुळवायचे. इतक्या छोट्या गोष्टीने पुढच्या वीस-तीस चालींचा गुंता वाचतो.

वेगाबद्दल थोडे. मोकळ्या बोर्डावर बोटे आपोआप चालतात आणि चालू द्यावीत, तीच तर विश्रांती. दुसरी रांग भरत आली की मात्र मी प्रत्येक चालीआधी थांबते. सरासरी सेकंदाला एक चाल ही अशीच पडते.

गुणांवरून चौकारांची मोजणी

हे गणित मला या खेळाइतकेच आवडते. टाइल जुळली की नव्या टाइलच्या आकड्याएवढे गुण मिळतात. एखादी टाइल निव्वळ २ जोडून बनली असेल तर तिचे एकूण गुण म्हणजे तो आकडा गुणिले (दोनाचा घातांक वजा १). २०४८ हा दोनाचा ११वा घात, म्हणून १० गुणिले २०४८, म्हणजे २०४८०. ८१९२साठी १२ गुणिले ८१९२, म्हणजे ९८३०४. आयता ४ आला की त्यासाठीचे ४ गुण मिळत नाहीत. त्यामुळे अपेक्षित गुणांतून प्रत्यक्ष गुण वजा करा, ४ने भागा, की डावात आयते ४, म्हणजे चौकार, किती आले ते कळते.

माझे उदाहरण. ८१९२ झाले आणि थोडे सावरले तेव्हा बोर्डावर ८१९२, १६, ८, ४ आणि २ होते. अपेक्षित गुण ९८३०४ + ४८ + १६ + ४ = ९८३७२. गुणफलकावर ९६९२८. फरक १४४४, म्हणजे ३६१ चौकार. बोर्डाची बेरीज ८२२२. त्यातून चौकारांमुळे आलेले जादा ७२२ वजा केले तर ७५०० उरतात, म्हणजे एकूण ३७५० टाइल पडल्या. ३७५०त ३६१, साडेनऊ टक्क्यांहून थोडे जास्त. कोडमधल्या १० टक्क्यांच्या अगदी जवळ. ‘मला हल्ली ४ फारच येतात’ असे वाटत असेल त्यांनी हे एकदा करून बघा.

मराठी आकड्यांची आवृत्ती

मूळ कोड साध्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे. सर्व्हर लागत नाही. फोल्डर उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतो, आणि अभ्यासिकेतले नेट कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. टाइलवर आकडा लिहिणारी ओळ एकच आहे. तिथे आकडा मराठी लोकॅलमध्ये (म्हणजे मराठीत आकडे लिहायच्या पद्धतीत) बदलून घेतला की देवनागरी अंक येतात. स्वल्पविराम बंद करायला विसरू नका, नाहीतर २,०४८ टाइलमध्ये मावत नाही. गुणफलकाची ओळ वेगळी आहे, तीही बदलावी लागते. मूळ फाँटमध्ये देवनागरी नसल्याने संगणक आपल्याकडचा फाँट वापरतो. माझ्याकडे त्यात ८ आणि ९ थोडे खाली सरकलेले दिसत होते, ओळीची उंची कमी-जास्त करून ते जागेवर आणले. ‘पुढे चला’ आणि ‘नवा डाव’ ही बटणेही मराठीत केली.

एक बदल सगळ्यांनीच करावा असे सुचवते. मूळ कोडमध्ये आर ही कळ दाबताच काहीही न विचारता नवा डाव सुरू होतो. चाली बाणांप्रमाणेच डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनीही करता येतात आणि आर त्यांच्या अगदी जवळ आहे. तीन हजार चालींचा बोर्ड एका बोटाच्या भरवशावर ठेवू नका. ती ओळ काढून टाका.

मराठी शाळेत जाणारी माझी मामेबहीण ही आवृत्ती खेळते. दोनाचे घात तिला आता ४०९६पर्यंत तोंडपाठ आहेत, आणि ती २०४८ला ‘वीस अठ्ठेचाळीस’ म्हणते.

आज बोर्ड कुठे आहे

तोच डाव पुढे चालू आहे. खालच्या रांगेत डावीकडून ८१९२, १०२४, ५१२, ६४. दुसऱ्या रांगेत उजवीकडून ३२, १६, ४, २. वर सगळे मोकळे. ५१२ आणि ६४ यांच्यात दोन पायऱ्यांची फट आहे, त्यामुळे त्या ६४चे आधी २५६ करायचे, मगच दुसरी रांग भरायला घ्यायची. १६३८४साठी एकूण साडेसात हजारांच्या आसपास चाली, त्यातल्या निम्म्याहून जास्त झाल्या.

ज्यांनी १६३८४ गाठले आहे त्यांच्याकडून मला एक समजून घ्यायचे आहे: शेवटच्या टप्प्यात ६४ तयार करताना तुम्ही तिसरी रांगही क्रमात ठेवता, की ती मोकळी सोडून नुसत्या जुळण्यांवर भर देता? माझा कल तिसरी रांग डावीकडून उतरती ठेवण्याकडे आहे. पुढच्या काही सुट्ट्यांत तेच करून बघते.