हिरवी वायर

"काका, ही हिरवी वायर नको ओढायला. उगाच खर्च. तिचं तसं काही काम नसतं."

शिडीवरून वायरमन अगदी सहज बोलून गेला.

घरामागच्या शेडमध्ये लाइट न्यायची होती. ड्रिल, बेंच ग्राइंडर, पुढेमागे एखादं छोटं वेल्डिंग मशीन. पोरगा कामात पक्का. शेड मेन बोर्डापासून लांब आहे, ४ स्क्वेअर एमएमचीच केबल घ्या, बारीक वायरवर ग्राइंडर सुरू होताना व्होल्टेज पडतं, हे त्यानेच सांगितलं. शेडला वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हाही त्याचाच आग्रह. गाडी अडली ती त्या हिरव्या वायरीवर, म्हणजे अर्थिंगवर.

एका अर्थी त्याचं खरंच आहे म्हणा. सगळं ठीक असतं तेव्हा त्या वायरीतून काहीच वाहत नाही. ग्राइंडरच्या लोखंडी बॉडीला फेज, म्हणजे करंटची वायर, लागला की तिचं काम सुरू: तो करंट जमिनीत न्यायचं. ती नसेल तर करंट आपल्यातून जमिनीत जातो आणि एमसीबी ढिम्म हलत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे एवढासा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच. थ्री-पिनची जाड पिन अर्थिंगचीच. ती लांब असते ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. आपल्याकडे तीच मोडून प्लग टू-पिनमध्ये घुसवतात!

वायर ओढून घेतली, आरसीसीबीही बसवला. निघताना म्हणाला, "अर्थिंगसाठी भांडणारे तुम्हीच भेटलात. बाकी सगळे पंखा कुठला घेऊ एवढंच विचारतात."

याने गावात आजवर किती घरं केली असतील?

तुमच्या बोर्डातल्या त्या वरच्या मोठ्या भोकामागे खरंच वायर आहे का, कधी तपासून घेतलंय?