ऑफलाइन म्हणे!

दुपारचे तीन. जेवण अंगावर आलेलं. नेमकी याच वेळी कुणाला तरी तातडीने दोनच पानं हवी असतात, आणि पडद्यावरचं प्रिंटरचं चित्र फिकं पडतं. खाली एकच शब्द: ऑफलाइन. मान वळवून पाहावं तर प्रिंटर तिथेच उभा. हिरवा दिवा लागलेला, ट्रेमध्ये कागद, अंग कोमट. शेजारच्या टेबलावरून सोडलेलं पान त्यातून आत्ताच बाहेर पडलेलं. मग ऑफलाइन कोण?

खरं तर हे कॉम्प्युटरने प्रिंटरविषयी करून घेतलेलं मत. एकदा दार वाजवायचं, उघडलं नाही की 'घरी कुणी नाही' म्हणून मोकळं व्हायचं. गंमत अशी, की बऱ्याचदा वाजवलेलं दार जुन्या घराचं असतं. प्रिंटर बिऱ्हाड हलवून केव्हाच दुसऱ्या पत्त्यावर गेलेला.

हे बिऱ्हाड हलतं कसं? राउटर, म्हणजे ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी, प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो, पण तो भाड्याने. त्या मुदतीला लीज म्हणतात. लहान राउटरांवर ती बहुधा २४ तासांची असते, विंडोज सर्व्हरवर मुळात ८ दिवसांची. यंत्र चालू असेल तर निम्मी मुदत सरली की आपणहून नूतनीकरण मागतं. त्यामुळे महिनोन्महिने तोच पत्ता टिकतो आणि सगळ्यांना वाटतं, हा कायमचाच. मग एखादा काटकसरी माणूस शुक्रवारी संध्याकाळी प्रिंटरचं बटण बंद करून जातो. शनिवार-रविवारात मुदत संपते. सोमवारी सकाळी १९२.१६८.१.१०४ हा पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि प्रिंटरच्या वाट्याला येतो शेवटी १२१ असलेला. कॉम्प्युटर मात्र इमानेइतबारे १०४चं दार वाजवत बसतो. तो मोबाइल बिचारा काय छापणार!

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे प्रिंटर यादीतून काढायचा आणि पुन्हा जोडायचा. चालतोही, पुढच्या सुट्टीपर्यंत. काही जण तर जुना काढायचेही कष्ट घेत नाहीत. मग यादीत एकाच प्रिंटरचे 'कॉपी १', 'कॉपी २' असे भाऊबंद जमतात आणि त्यातला जिवंत कोणता हे दर वेळी चाचपून पाहावं लागतं. खरं काम पाच मिनिटांचं आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्यावं. त्यावर १२ अंकाक्षरांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख, असतो. राउटरच्या डीएचसीपी (म्हणजे पत्तेवाटपाच्या) सेटिंगमध्ये त्या मॅकच्या नावाने एक पत्ता राखून ठेवावा आणि प्रिंटर बंद करून चालू करावा. नंतर कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट असं जाऊन तोच पत्ता भरावा. पोर्ट म्हणजे प्रिंटरकडे जायची वाट. विंडोजने आपल्या मनाने डब्ल्यूएसडी नावाचा, प्रिंटर आपोआप शोधणारा पोर्ट करून ठेवलेला असेल, तर तोही याच वेळी सोडून द्यावा. तो आपणहून सापडतो खरा, पण तसाच आपणहून हरवतोही.

पत्ता थेट प्रिंटरवर हाताने भरणारेही असतात. हरकत नाही, पण तो राउटरच्या वाटपाबाहेरचा हवा. वाटपात शेवटचा आकडा १०० ते २०० असेल तर प्रिंटरला २० द्यावा. वाटपातलाच दिला तर राउटर तो कधी तरी दुसऱ्यालाही देऊन बसतो. मग प्रिंटर सकाळी चालतो, दुपारी नाही, संध्याकाळी परत चालतो. या आजारावर लोक ड्रायव्हर बदलतात, केबल बदलतात, शेवटी प्रिंटरही बदलतात. एका पत्त्यावर दोघं राहताहेत हे कुणी बघत नाही. प्रिंटर बंद करून कॉम्प्युटरवरून त्याच्या पत्त्यावर पिंग मारावा, म्हणजे हाक मारून कुणी ओ देतं का ते बघावं. तरीही उत्तर आलं तर दुसरं बिऱ्हाड सापडलं.

छापलेल्या पानावरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर पुढचं काही वाचू नये. प्रिंटरने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कॉम्प्युटरच्या वाटेला न जाता केबल बघावी. लॅन केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली की ती बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते. टक् असा आवाज यायला हवा आणि खोबणीजवळचा बारीक दिवा लागायला हवा.

लहानपणीचा काड्यापेटीचा फोन आठवतो? दोन रिकाम्या पेट्या, मध्ये दोरा. दोरा ताठ असेपर्यंत कुजबुजसुद्धा पलीकडे पोचायची. जरा ढिला पडला किंवा दाराच्या चौकटीला टेकला की आवाज गडप. मग पेटी कानापासून दूर करून, भिंतीपलीकडे सरळ ओरडायचं: "ऐकू येतंय का?" उत्तर यायचं, पण ते दोऱ्यातून नाही, हवेतून! आणि दोघांनाही वाटायचं, फोन चालला.

पिंग म्हणजे तेच. विंडोज चार वेळा ओरडतं, 'ऐकू येतंय का?' आणि इथेही फसगत ठरलेली. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' (तिथवर पोचता येत नाही) असं उत्तर येतं तेव्हा ते बहुधा आपल्याच कॉम्प्युटरने दिलेलं असतं, तरी खालच्या बेरजेत ० टक्के लॉस दिसतो. लोक ती शेवटची ओळ वाचतात आणि नेटवर्क ठीक आहे म्हणतात. उत्तर कुणाच्या पत्त्यावरून आलं, ते बघावं. आणि प्रिंटरने 'हो' म्हटलं तरी छपाई होईलच असं नाही. मजकूर जातो तो बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टातून, म्हणजे प्रिंटरच्या पत्त्यावरच्या त्या क्रमांकाच्या दारातून. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने तो पोर्ट उघडा आहे का ते तपासता येतं. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असाल तर तो बंदच सापडेल. तिथे एका यंत्राने दुसऱ्याशी बोलायचं नाही असाच बहुधा नियम असतो.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मात्र एक टिकमार्क आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या कॉन्फिगर पोर्टच्या चौकटीत तळाशी 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' असं असतं. एसएनएमपी ही नेटवर्कवरच्या यंत्रांची हालहवाल विचारायची पद्धत. ते टिक असलं की विंडोज प्रिंटरची खुशाली विचारत राहतं, १६१ क्रमांकाच्या पोर्टावर, 'पब्लिक' हा परवलीचा शब्द उच्चारून. सुरक्षेच्या नावाखाली कुणी प्रिंटरवर तो शब्द बदलला की उत्तर बंद. पत्ता बरोबर, ९१०० उघडा, कागद तयार, तरी ऑफलाइन! टिक काढली की प्रिंटर तत्काळ जिवंत होतो. कागद संपल्याचं मग कॉम्प्युटर सांगेलच असं नाही, पण ते जागेवरून उठूनही दिसतं.

इथरनेटचा जन्म १९७३ सालचा, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातला. तिथल्या आल्टो कॉम्प्युटरांना नव्या लेसर प्रिंटरपर्यंत पोचता यावं, ही रॉबर्ट मेटकाफ यांच्यापुढची एक मुख्य गरज होती. म्हणजे नेटवर्कच्या घरात प्रिंटर हा अगदी पहिल्यापासूनचा रहिवासी. त्यालाच दर सोमवारी पत्ता विचारायचा.

माणसंही कमी नाहीत. पान आलं नाही की पुन्हा प्रिंट. पुन्हा. अकरा वेळा. पहिलं काम अडकलेलं असतं, त्यामागे दहा रांगेत उभे राहतात, आणि डिलीट म्हटलं तर 'डिलीटिंग' एवढंच लिहून येतं, तासभर. अशा वेळी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवावा. विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसाव्यात (फक्त आतल्या; फोल्डर नाही) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. स्पूलर चालू असताना पुसायला गेलं तर फाइल वापरात असल्याचं सांगून विंडोज हात झटकतं. आणि हे करायच्या आधीच कुणी नेटवर्क ठीक केलं, तर अकराच्या अकरा प्रती इमानाने बाहेर येतात. त्या पाठकोऱ्या कागदांवर पुढे कित्येक दिवस ऑफिसचे हिशेब चालतात.

बहुतेक प्रिंटरांच्या कुशीला चिकटपट्टीने लावलेली एक चिठ्ठी असते. पेनाने लिहिलेला पत्ता. तो खोडून दुसरा, तो खोडून तिसरा. चौथा जरा ठळक गिरवलेला असतो. बरोबर असावा.