बेळकं

चकल्या तळायला बसलं की बहुतेक घरांत विणकामाची सुई शोधतात. कुणी छत्रीची जुनी तार घासूनपुसून ठेवलेली असते. आमच्याकडे बेळकं काढतात. दोन लांब दात, लाकडी मूठ, एकूण हातभर लांबी. एक दात चकलीच्या वेढ्यात घातला की ती न मोडता उलटते, आणि दोन्ही दातांवर तोलून काढली की तेल कढईतच निथळतं. मेदूवड्याच्या भोकासाठी तर हे हत्यार देवानेच घडवलेलं वाटतं. प्रत्यक्षात ते घडवलेलं असतं मांसाचा मोठा तुकडा भाजताना धरून ठेवायला आणि उलटायला. हे वाक्य मी आईसमोर कधी उच्चारलं नाही.

वसईला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. नाताळ जवळ आला की त्यांच्या ओसरीवर दोन्ही घरची पोरं कुलकुल वळायला बसत. मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची, की शिंपल्यावर असतात तशा रेघा उठतात. ते काटे जेवणाचे, लहान. मोठा काटा चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. पुढे ते लोक मुलाकडे कॅनडाला निघाले, तेव्हा काकूंनी भांडीकुंडी वाटून टाकली. हा काटा त्यांनी आईच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "चकल्यांना बरा पडेल, वहिनी."

आमच्या घरात तेव्हा अंडंही शिजत नव्हतं. नाही म्हणणं आईच्या जिवावर आलं आणि हो म्हणणंही. तिने काटा चिंचेने घासला, राखेने घासला, वरून कढत पाणी ओतलं आणि तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवला. चौथ्या दिवशी तो तुळशीपाशी नेऊन आणला. तिथे नेमकं काय केलं ते तिने सांगितलं नाही. शुद्धी पक्की झाली, पण कढत पाणी आणि कडक ऊन एकामागोमाग बसल्याने मुठीला पहिली बारीक चीर गेली ती तेव्हाच. त्याला काटा म्हणायलाही आई तयार नव्हती, कारण काटा म्हटलं की हॉटेल आलं, आणि हॉटेल म्हटलं की काय काय आलं. मग बाबांनी नाव काढलं, बेळकं. गावाकडे दोन फाटे फुटलेल्या काठीला म्हणतात ते. त्या एका शब्दाने काटा आमच्यात आला.

बाबांचं चुकलं नव्हतंच. स्वयंपाकघरातला हा लांब काटा जेवणाच्या काट्याहून पुष्कळ जुना आहे. युरोपातही आधी तो आचाऱ्याच्या हातात होता. ताटापर्यंत पोहोचायला त्याला काही शतकं लागली. इंग्रज तर फारच उशिरा वळले. थॉमस कोरयट नावाचा एक हुन्नरी माणूस इटलीत काट्याने जेवणारे लोक पाहून आला, १६११ साली त्याने प्रवासवर्णनात तसं लिहिलं, आणि घरी स्वतःही काट्याने जेवू लागला. मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. हाच गृहस्थ पुढे बराचसा प्रवास पायी करत हिंदुस्थानात आला, जहांगीर बादशहासमोर फारसीत भाषण ठोकून झरोक्यातून टाकलेले शंभर रुपये मिळवले, आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला वारला. सुरत म्हणजे आमच्या वसईवरून जाणाऱ्या गाड्यांचं गाव. इंग्रजांना काटा धरायला शिकवणारा माणूस शेवटी पाच बोटांनी जेवणाऱ्यांच्या मुलखात येऊन संपला, हे मला उगाचच आवडतं. मी स्वतः काट्याने जेवायला लागले की निम्मं अन्न ताटाबाहेर जातं.

आई गेल्यावर बेळकं पुण्याला माझ्याकडे आलं, आणि एका वर्षात मी त्याची वाट लावली. आईने कधी न केलेली गोष्ट मी केली. तळण झाल्यावर काटा सिंकमधल्या पातेल्यात, पाण्यात बुडवून झोपायला गेले. असं चार-पाचदा झालं असेल. लाकूड पाणी पितं, आणि सगळ्यात जास्त पितं ते कापलेल्या टोकाकडून, जिथे त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. पिऊन फुगतं, वाळून आकसतं. पोलाद काही त्याच्याबरोबर फुगत नाही. दर वेळी दोघांमध्ये केसभर अंतर पडतं, त्या अंतरात पुन्हा पाणी जातं, मुठीच्या आत गेलेली काट्याची शेपटी गंजते. एके दिवशी मुठीच्या तोंडाशी काळं वळं दिसलं. मला वाटलं जळलं. तर ते जळलेलं नव्हतं. लाकडातल्या तुरट रसाला लोखंड लागलं की काळं पडतं. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की काळी शाई होते, तोच प्रकार. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकली वर उचलली, तर मूठ माझ्या हातात आणि काटा कढईत.

मूठ सुताराकडून पुन्हा बसवून घेतली. त्याने शेपटीवरचा गंज खरवडला, चीर भरली, तोंडाशी पितळी कडं चढवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाण्यात ठेवता ना?"

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे लेकीला असाच काटा हवा होता. ती बंगळुरूला भाड्याच्या घरात राहते आणि गॅसवर वांगं भाजताना हात पोळून घेते. आम्ही दोघी पुण्यातल्या बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा अखंड स्टीलचा पुढे केला. "लाकडी कशाला, ताई? हा जन्मभर जाईल." जाईलही. पण वांगं भाजायला दहा-पंधरा मिनिटं विस्तवाशी धरायचं असतं, आणि स्टील लाकडाच्या जवळजवळ शंभरपट उष्णता वाहून नेतं. अखंड स्टीलचा काटा जन्मभर जाईल, पण प्रत्येक वांग्याला फडकं शोधावं लागेल.

मग त्याने लाकडी मुठींचा ढीगच पुढ्यात ओतला. लेक रंग बघत होती. मी सांधे बघत होते. सुताराने त्या एका वाक्यात मला जे शिकवलं ते एवढंच, की असल्या वस्तूत बघायचं ते लाकूड आणि लोखंड भेटतात तिथे. काही मुठी अखंड, गोल, खराद्यावर काढलेल्या. काट्याची शेपटी आत खुपसलेली. ती बोटभर आत आहे की वितभर, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. अशी मूठ एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने काटा पिळून बघायचा. किंचित जरी कुरकुरला तरी खाली ठेवायचा. तोंडाशी कडं असेल तर बरं, मुसळाला असतं तसं, म्हणजे लाकूड उलत नाही. दुसऱ्या जातीत पोलादाची पट्टीच मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिवेटने ठोकलेल्या असतात. इथे लपवायला जागा नाही. कडेवरून नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर तिथे उद्या पीठ अडणार आणि परवा पाणी.

लाकडाच्या रेघा मुठीच्या लांबीने धावतात का, की आडव्या कापल्यात, तेही बघायचं. आडव्या रेघेवर मूठ मोडते. चकाकणाऱ्या मुठींवर माझा विश्वास नाही. ओलं बोट टेकवलं आणि पाण्याचा थेंब तसाच गोळा होऊन बसला, तर वर वॉर्निश आहे. ते वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतं आणि चकलीच्या तेलात पडतं. रुमालाचं टोक भिजवून चोळलं तर एका "शिसवी" मुठीचा शिसवीपणा रुमालावर उतरला. दुकानदार म्हणाला, "पहिल्यांदा थोडा जातो." पुढे त्याने लोहचुंबक काढून दातांना लावून दाखवलं, चिकटत नाही म्हणजे अस्सल. तेही सरसकट खरं नाही. सुऱ्यांचं चांगलं न गंजणारं पोलाद चुंबकाला खुशाल चिकटतं. पण तोवर रुमालाचं झालं होतं, म्हणून मी गप्प बसले.

शेवटी अडीचशे रुपयांना एक घेतला. पट्टी शेवटपर्यंत, तीन रिवेट, लाकूड कोरडं आणि फिकं. कशाचं ते दुकानदारालाही सांगता येईना. दात टेबलावर दाबले तर वाकले नाहीत. लेकीला तो जरा कळकट वाटला.

गाडीत बसेपर्यंत मी तिला सूचना देत होते. काम झालं की लगेच धुवायचा, लगेच पुसायचा. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालायचा नाही. नॉनस्टिक तव्यावर फिरवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे चमच्यांच्या स्टँडमध्ये उभा करायचा नाही. तिथे आपण सगळं डोकं वर, दांडा खाली असं खोचतो, आणि दातांवरचं पाणी ओघळत नेमकं सांध्यात जाऊन मुरतं. लाकडी मुठीचं काहीही टांगावं, मूठ वर, दात खाली. काकूंच्या खिळ्यावर तो तसाच होता.

मुठीला लावायच्या तेलाचा प्रश्न मोठा आहे. जाणकार जवसाचं तेल सांगतात, कारण ते हवेने हळूहळू घट्ट होतं आणि लाकडातच वाळून बसतं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढायचं, मग काही दिवस विसरून जायचं. खाण्याचंच जवस तेल हवं. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या "उकळलेल्या" तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. एक मात्र सांभाळायचं. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून फेकायचं नाही. वाळताना ते आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवायचं. शेंगदाण्याचं तेल नको, वाळत नाही आणि खवट होतं.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती रविवारी आम्हा बहिणींच्या डोक्याला खोबरेल चोपडायची, आणि मग तेलकट हात धुवायच्या आधी स्वयंपाकघरात एक फेरी मारायची. लाटणं, पोळपाट, विळीचा पाट, रवी, सगळ्यांत शेवटी बेळक्याची मूठ. खोबरेल वाळत नाही हे खरं, पण इतर तेलांसारखं चटकन खवटही होत नाही. मुठीला तीस वर्षं तेच मिळालं. माझ्याकडे आल्यावर बंद झालं, कारण माझ्या घरी कुणी डोक्याला तेल लावत नाही.

गेल्या आठवड्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. काट्याची मूठ कॅमेऱ्यासमोर धरली होती.

"आई, ही खरखरीत झालीये. कुसळं उठलीत."

"नव्या लाकडाची उठतात पाण्याने. बारीक पॉलिश पेपर मार. मग तेल लाव."

"जवसाचं नाहीये."

"खोबरेल?"

"केसांचं आहे. तू दिलेलं. अजून सीलसुद्धा फोडलेलं नाही."

"नुसतं खोबरेलच आहे ना ते?"

"हो. चालेल?"

"चालेल. पण आधी डोक्याला लाव. मग हात मुठीला पूस."