एरंडाच्या जागी पॅनल: आमच्या हळदीचं पहिलं वर्ष

आमचं शेत वसमत तालुक्यात. घरची चार एकर दहा गुंठे, आणि त्याला लागून चुलतभावाची तेवढीच. गावाजवळ विजेचं उपकेंद्र आहे, त्यामुळे 2024 साली सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागणारा माणूस आमच्याही ओट्यावर येऊन बसला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू जमिनीला हा पैसा कमी नाही. मी एकच विचारलं, "पॅनलखाली हळद लावू द्याल का?" ते म्हणाले, "नाही दादा, खाली गवतसुद्धा ठेवत नाही."

मी तिथंच अडलो. हळदीला कोवळेपणी सावली लागते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. बाबा हळदीच्या कडेने आणि मधे मधे एरंड टोचायचे, ते त्यासाठीच. मग पॅनलची सावली वाया का घालवायची? परभणीच्या कृषी विद्यापीठात पॅनलखाली पिकं घेऊन बघतात, ते मी डोळ्यांनी पाहून आलो. तिथून परत येताना ठरवलं, सगळी जमीन तीस वर्षांसाठी लिहून देण्याआधी घरच्या घरी करून बघायचं.

पाण्यासाठी आमचं डिझेल इंजिनच होतं. सौर पंप घेतला तर त्याच्याबरोबर पॅनल येतात, त्यांच्याच खाली हळद लावून बघायची होती. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच ते पाच एकरवाल्याला पाच एचपीचा पंप बसतो. सर्वसाधारण गटाने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. दिवाळीनंतर अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडकलो. बाबांनी तीस वर्षांपूर्वी खोदलेल्या विहिरीची सातबाऱ्यावर नोंदच नव्हती. ती चढवून घेण्यात महिना गेला. विहीर सामाईक, म्हणून चुलतभावाचं संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर घेतलं. त्याने हूं की चूं न करता सही केली, ते मी विसरणार नाही. अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की संगणकासमोर बसायच्या आधी सातबारा नीट वाचा. पुढे पैसे भरणं, पुरवठादार निवडणं हे मोबाईलवर झालं.

खरं काम जागेच्या पाहणीला होतं. पुरवठादाराची पोरं पॅनलच्या सांगाड्यासाठी बांधाच्या कोपऱ्यात खड्डे घ्यायला निघाली होती. मी त्यांना हळदीच्या वावरात नेलं. सांगाड्याची उंची ठरलेली असते, ती वाढवून मिळाली नाही. वाढवायचा हट्टही मी सोडला, कारण पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्याच सांगाड्यावर आहे. केबल मात्र वावरातून आडवी न नेता कडेने नेऊन घेतली. ते केलं नसतं तर खाली कुदळ मारायची सोय राहिली नसती.

एप्रिल 2025 मध्ये पंप चालू झाला. दिवसा, सकाळच्या उन्हात पाणी पाटाला लागलं तेव्हा आई विहिरीवर येऊन नुसती बघत उभी राहिली.

नऊ पॅनल. खालची जागा मोजली तर पाव गुंठ्याच्या आत. पण शिकायला तेवढी पुरली. जूनमध्ये सेलम जातीच्या हळदीचं बेणं लावलं. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे सावली बरोबर खाली पडते. मोकळ्या वावरातल्या कोंबांची टोकं करपली, खालचे हिरवेगार राहिले आणि त्यांना पाणीही कमी लागलं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की सावली उत्तरेला सरकते आणि पुढच्या ओळींना ऊन मिळतं. कंद भरायचा काळही तोच. हे मला आधी सुचलं नव्हतं, डिसेंबरात वावरात उभं राहिल्यावर कळलं.

चुकाही झाल्या. पावसात सगळ्या पॅनलचं पाणी खालच्या कडेवरून धारेने पडलं आणि पहिल्या ओळीचे कंद उघडे पडले. तिथं चर काढून सोयाबीनचं कुटार टाकलं तेव्हा माती थांबली. त्याच ओळीची पानं वाढून पॅनलवर टेकली, ती दर आठवड्याला कापावी लागली, नाहीतर वीज घटते. अगदी मधल्या दाट सावलीत पानं दांडगी झाली, पण गड्डे बारीकच राहिले. काढणीला ट्रॅक्टर खाली शिरत नाही, सगळं कुदळीने केलं. एवढ्याशा जागेला चालतं. हेक्टरभर करायचं तर सांगाडा ट्रॅक्टरच्या वर हवा आणि दोन रांगांत अंतर हवं.

हळद शिजवून वाळवल्यावर त्या भाड्यावाल्या माणसाला मी आणि चुलतभावाने पुन्हा बोलावलं. सांगाडा उंच करा, रांगा विरळ ठेवा, खाली हळद आमची, भाडं थोडं कमी चालेल, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन गेला आहे.

यंदा खालच्या कडेला हळद नाही, कोथिंबीर टाकणार आहे. पॅनल सकाळी धुतो ते पाणीही तिलाच जाईल.