रिकार्डोचा खंड आणि इंदापूरची रयत

जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी झाल्यामुळे डेव्हिड रिकार्डो हे नाव मला अर्थशास्त्राच्या वर्गात नाही, इंदापूर तालुक्याच्या शेतसाऱ्याचा इतिहास वाचताना भेटलं. आमचं गाव याच तालुक्यातलं, भीमेकाठचं. लंडनच्या शेअर बाजारात गडगंज झालेल्या या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत मांडला आणि तो वारल्यावर दहा वर्षांच्या आत तोच सिद्धांत आमच्या पूर्वजांच्या बांधावर सारा होऊन आला. हे कळलं तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही.

रिकार्डो ज्या विचारपरंपरेतला, त्या अभिजात उदारमतवादाची, म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि मोकळा व्यापार मानणाऱ्या विचाराची, सुरुवात राजाच्या लहरीला लगाम घालण्यापासून झाली. माणसाच्या कष्टाचं फळ त्याचं, ते राज्यकर्त्याला मनाला येईल तसं हिरावता येणार नाही, हे जॉन लॉकने १६८९ च्या सुमारास मांडलं. पुढे फ्रान्समध्ये केने आणि त्याच्या फिजिओक्रॅट मंडळींनी हिशेब घातला की, लागवडीचा खर्च वजा जाता शेतीतून जे निव्वळ उरतं तीच खरी संपत्ती, कर बसवायचा तर त्यावरच बसवा आणि बाकीचा व्यापार मोकळा सोडा. त्यांच्या विचारांच्या जवळचा तुर्गो १७७४ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री झाला आणि त्याने धान्याचा व्यापार खुला केला. त्या वर्षीचं पीक वाईट आलं, भाव चढले आणि १७७५ च्या वसंतात पॅरिसच्या आसपास लोकांनी पिठाच्या दुकानांवर आणि धान्याच्या गाड्यांवर हल्ले केले. मोकळ्या व्यापाराची बाजू मांडणारा अ‍ॅडम स्मिथचा ग्रंथ अजून छापूनही यायचा होता. म्हणजे विरोध पुढच्या पिढीत वगैरे सुरू झाला असं नाही, तो अगदी पहिल्या प्रयोगापासूनच सोबत होता.

रिकार्डोकडे वळतो, कारण मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. १८१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की, देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरला (हे धान्याचं इंग्लिश माप) ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी गहू आत येऊ द्यायचा नाही. पार्लमेंट जमीनदारांचं होतं, त्यामुळे कायदाही त्यांच्या सोयीचा झाला. लंडनमध्ये दंगे उसळले. रिकार्डोने या कायद्याविरुद्ध लिहिलं आणि १८१७ च्या ग्रंथात खंडाचा सिद्धांत पक्का केला. लोकसंख्या वाढली की हलक्या जमिनीही लागवडीला येतात. सगळ्यात हलक्या जमिनीत जेमतेम खर्च आणि नफा निघतो, खंडाला काही उरत नाही. चांगल्या जमिनीत त्याहून जे जास्त पिकतं तो झाला खंड, आणि तो जमीनदाराला काहीही न करता मिळतो. धान्य महाग असतं म्हणून खंड वाढतो, खंड वाढला म्हणून धान्य महाग होत नाही. तेव्हा धान्य महाग ठेवण्यात जमीनदाराचं हित आणि बाकी सगळ्यांचं नुकसान. रिकार्डो स्वतः तोवर ग्लॉस्टरशरमध्ये मोठी इस्टेट घेऊन जमीनदार झालेला होता, तरी त्याने हे लिहिलं.

त्याला लिहितं ठेवणारा मित्र म्हणजे जेम्स मिल. हा १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला लागला. हिंदुस्थानचा मोठा इतिहास त्याने हिंदुस्थानात पाऊल न टाकता लिहिला होता. मिलचं म्हणणं असं की, खंड जर आयता मिळणारा वाढावा असेल तर सरकारने तो सगळा कर म्हणून घेतला तरी शेतीचं काही बिघडत नाही. शेतकऱ्याचा खर्च आणि नफा तर शाबूत राहतो! आणि कंपनीचे नवे अधिकारी तयार व्हायचे हेलीबरीच्या कॉलेजात, जिथे अर्थशास्त्राला माल्थस होता. धान्य कायद्यावर माल्थसचं रिकार्डोशी पटत नव्हतं, पण खंडाचा सिद्धांत त्याचाही जवळपास तोच होता.

रॉबर्ट कीथ प्रिंगल हा याच हेलीबरीचा हुशार विद्यार्थी. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पाहणीचं काम त्याच्याकडे आलं. त्याने शेतं मोजली, मातीच्या प्रती लावल्या, प्रत्येक प्रतीत सरासरी किती पिकतं, बी किती, बैल किती, मजुरी किती हे लिहून काढलं आणि खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न निघालं त्याचे शंभरातले ५५ सरकारचे ठरवले. कागदावर हे अतिशय न्याय्य दिसतं. पेशवाईच्या शेवटी साऱ्याच्या वसुलीचा मक्ता घेणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच, कारण ते जेवढं उपटता येईल तेवढं उपटत.

पण इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीत ‘सरासरी वर्ष’ अशी चीजच नाही. आमच्याकडे ज्वारी साधली तर घर भरतं, पाऊस रुसला तर कडबासुद्धा हाती लागत नाही. चांगल्या वर्षी उरलेलं धान्य लोक पेवात घालत. तोंडावर दगड बसवून वरून माती लिंपत आणि पुढच्या दुष्काळात ते पेव उघडत. प्रिंगलच्या हिशेबात हे पेवातलं धान्य निव्वळ उत्पन्न ठरलं. शेतकऱ्याच्या बायको-मुलांच्या कष्टाला मजुरीचा कोणता दर लावायचा, याचं उत्तर हेलीबरीत कुणी शिकवलं नव्हतं. रिकार्डोच्या मनातला शेतकरी भांडवल घालून शेती करतो आणि नफा सुटला नाही तर पैसे काढून दुसऱ्या धंद्यात घालतो. इंदापूरचा कुणबी पैसे काढून घालणार कुठे?

त्याहून मोठी गोष्ट ही, आणि हे सगळं लिहायला मी तिच्यासाठीच बसलो. इंग्लंडात हा सिद्धांत आयतं खाणाऱ्या जमीनदारावर रोखलेला होता. इकडे जमीनदाराच्या जागी कंपनी सरकार स्वतः बसलं होतं. म्हणजे जो खंड तिकडे बिनकष्टाचा म्हणून निंद्य, तोच इकडे सरकारचा हक्क ठरला. हत्यार तेच राहिलं, फक्त त्याचं तोंड रयतेकडे वळलं. राज्यकर्त्याच्या हाताला लगाम घालायला निघालेला विचार राज्यकर्त्याच्याच हिशेबाची वही झाला.

पुढे काय झालं ते सरकारी कागदांतच आहे. धान्याचे भाव पडत गेले, हाताखालच्या लोकांनी प्रती लावताना लाच खाल्ली, सारा वसूल होईना, दरसाल सूट द्यावी लागली. रानं पडीक पडली आणि अनेक कुटुंबं शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. त्यांनी निबंध लिहिले नाहीत. पण जमीन सोडून जाणं हाही आक्षेपच असतो, आणि कंपनीला तो नीट समजला.

नेमक्या याच काळात, १८३१ मध्ये, रिचर्ड जोन्स नावाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचं खंडावरचं पुस्तक आलं. त्याचा आग्रह एकच होता, आधी जगाकडे पाहा आणि मग नियम सांगा. रिकार्डो म्हणतो तसा खंड फक्त भांडवलदार शेतकरी असतो तिथे, म्हणजे इंग्लंडात आणि आणखी थोड्या प्रदेशांत. बाकी जगात शेतकरी स्वतःचं पोट त्याच जमिनीतून काढतो, आणि तिथला खंड बाजार ठरवत नाही. तो रूढी आणि सत्ता ठरवतात. जोन्सने अशा खंडाचे प्रकार पाडले आणि त्यांतल्या एकाला रयतेचंच नाव दिलं, जिथे राजा हाच जमिनीचा मालक असतो. १८३४ मध्ये माल्थस वारला आणि पुढच्या वर्षी हेलीबरीतल्या त्याच्या जागेवर हाच जोन्स आला. उदारमतवादाच्या टीकाकारांत स्कॉटिश लेखक कार्लाइलचं नाव नेहमी निघतं. तो शब्दांचा बादशहा होता, पण त्याचा राग बराचसा जुन्या मालक-नोकर नात्याच्या ओढीतून आलेला. मला जोन्स कितीतरी मोलाचा वाटतो, कारण त्याने शेतकरी मोजला.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे कंपनीचे अधिकारी इंदापुरात नव्याने पाहणी करायला आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मागच्या वर्षांत खरोखर किती वसूल झाला, भाव काय होते, हे पाहून तालुक्याचा एकूण आकडा आधी उतरवला आणि मग तो मातीच्या प्रतीप्रमाणे शेतांवर वाटला. एका बैलजोडीने नांगरता येईल एवढ्या क्षेत्राचा एक सर्व्हे नंबर केला. पावणेदोन हात खोल काळी असेल तर १६ आणे प्रत, आणि तिथून उतरत उतरत मुरमाड बरडाला २ आणे. रेकॉर्ड रूममध्ये जुनी प्रतिबुकं आहेत. त्यांत शेताचे चौकोन पाडलेले दिसतात, आणि प्रत्येक चौकोनात मातीची जात, खोली, चुनखड, वाळूचं मिश्रण, उतार हे खुणांनी मांडलेलं असतं. पहार मारून, खड्डा घेऊन, हाताने माती चुरून ते केलेलं आहे. मी प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन काही खुणा ताडून पाहिल्या, आजही बहुतेक जुळतात. दर ३० वर्षांसाठी कायम झाले, विहीर काढली किंवा ताल (बांध) टाकली तर त्यावर जादा सारा नाही. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. माझ्या मते या तालुक्यात उदारमतवाद खऱ्या अर्थाने आला तो तेव्हा. केलेल्या कष्टाचं फळ आपल्याकडेच राहील, ही लॉकची हमी रयतेला त्या ३० वर्षांनी थोडीफार दिली.

पुढचा पेच कराराचा होता. कर्जदार आणि सावकार दोघं सज्ञान असतील तर व्याजाला मर्यादा कशाला, असं इंग्लिश विचारवंत बेंथॅमने १७८७ मध्ये लिहिलं होतं. स्वतः स्मिथला मर्यादा हवी होती, हे विशेष. १८५५ मध्ये हिंदुस्थानातली व्याजाची कायदेशीर मर्यादा गेली. दिवाणी कोर्टात कर्जाच्या रोख्यावरची निशाणी हाच पुरावा. सावकार रयतेला कोर्टाच्या जोरावर नागवतो आहे, हा इशारा विंगेटनेच १८५२ मध्ये देऊन ठेवला होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे जाळले. १८७९ मध्ये सरकारने कायदा करून कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाची मुळापासून चौकशी करायचा अधिकार दिला. कराराच्या स्वातंत्र्याची शपथ घेणाऱ्या सरकारने घेतलेली ही माघार फार मोठी होती.

त्याच कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी काम केलं. तालुक्या-तालुक्यातले हे खटले त्यांनी जवळून पाहिले आणि १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देताना इंग्लिश अर्थशास्त्राची गृहीतकं एकेक करून तपासली: प्रत्येक माणूस स्वहित ओळखून वागतो, मजूर आणि भांडवल हवं तिकडे जातं, करार करणारे दोघे बरोबरीचे असतात. इथे यातलं काहीच धडपणे लागू नाही, असं त्यांनी दाखवलं आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टचा आधार घेऊन सरकारने उद्योगाला हात द्यावा असं मांडलं. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा, विधवाविवाहावरचा, विवेकावरचा त्यांचा विश्वास यामुळे तसूभर हलला नाही. जोन्सने आक्षेप घेतला होता तो खंडावर. रानड्यांनी साठ वर्षांनी तो मजुरी, भांडवल आणि करारापर्यंत नेला, आणि तोही उदारमतवादी राहूनच.