कारण : सामाजिक काम

आमच्या रजेच्या फॉर्मवर 'कारण' नावाचा एक रकाना आहे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी 21 वर्षं टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि रजा बघायला आहे. त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा वाचलेले शब्द म्हणजे 'सामाजिक काम'. इथल्या गुजरातीत त्यात सगळं बसतं : लग्न, साखरपुडा, बारावं. आणि घरातलं आजारपणही.

त्यात आजारपणं किती असतील, हे मला सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा उमगलं. उजवी बाजू गेली. दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, जिना अरुंद, आणि त्यांची खोली माडीवर. सकाळचा चहा द्यायलाच वीस मिनिटं जातात. पातळ काही दिलं की ठसका लागतो, म्हणून बिस्किट कुस्करून चहा दाट करायचा, त्यांची हनुवटी जरा खाली घ्यायची, एक चमचा द्यायचा, गिळला का ते बघायचं, मग दुसरा. घाई केली की त्या तोंड मिटून घेतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यांना सांभाळणाऱ्या बेन नऊला येतात. माझी ड्युटी साडेआठची.

म्हणजे अडचण एका तासाची होती. त्या तासापायी अर्धा अर्धा दिवस करत माझ्या सगळ्या सीएल, म्हणजे किरकोळ रजा, संपल्या. कारण मीही 'सामाजिक काम'च लिहीत होते. खरं एकदा सांगून बघितलं, तर तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घरी दुसरं कोणी नाही का?" ते अजून बोचतं.

कायद्याचं म्हणाल, तर मातृत्व रजा 2017 मध्ये 26 आठवड्यांची झाली, फार बरं झालं. आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे असा 2007चा कायदाही आहे. पण सांभाळायला वेळ कुठून आणायचा, हे त्यात नाही. ज्या 1948च्या कारखाना कायद्यावर आमच्या पगारी रजा वर्षानुवर्षं चालल्या, त्यात 20 दिवस कामामागे एक रजा, आणि अर्ज 15 दिवस आधी. आजारपणाला सूट होती, पण ती कामगाराच्या स्वतःच्या. आईला झटका येणार हे 15 दिवस आधी कोणाला कळतं?

पुढे मॅनेजर बदलले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि साडेनऊ ते साडेसहा मागून घेतलं. त्यांनी विचारलं, "पहिल्या शिफ्टची हजेरी मशीनवर लागते ना? मग तासाभरात अडतं काय?" काहीच अडत नव्हतं.

मग मी फॉर्म वेगळ्या नजरेने वाचायला लागले. एका ऑपरेटरच्या आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. तिथले वार आणि वेळ ठरलेली, आणि आमची शिफ्ट दर आठवड्याला फिरणारी. त्याचे खाडे का पडतात हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता त्याला कायमची दुसरी शिफ्ट आहे. एका तरुण मुलाला संध्याकाळचा क्लास करायचा होता, त्याने आनंदाने अदलाबदल केली. तरी फुकट काहीच होत नाही. ऑपरेटरची मुलगी शाळेतून येते तेव्हा तो कामावर असतो.

मोबाइल गेटवर जमा होतात, म्हणून माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर आता सहा घरांत दिलेला आहे. वाजला की जेवण सोडून उचलते. महिन्याचा शिफ्टचा तक्ताही 25 तारखेलाच लावते. मोठी रजा मिळायलाच हवी, त्यासाठी मी मागे लागलेली आहेच. पण उद्या आपण किती वाजता घरी असू, हे आज माहीत असणं त्याहून जास्त उपयोगी पडतं, हे मी स्वतः भोगून सांगते.

परवा त्या ऑपरेटरचा फॉर्म आला. कारणाच्या रकान्यात 'सामा' इतकं लिहून खोडलेलं, आणि पुढे गुजरातीत 'बा नुं डायलिसिस'. मी तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून सहीला पाठवला.